हातभर लाल तार

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी मशीनच्या पेटीत तारेचा तुकडा बसवला. दुपारी एक वाजता बाबांनी बटण दाबलं. मशीन थांबलं नाही. बाबांच्या हाताची दोन बोटं गेली.

इतक्या थोडक्यात ही गोष्ट आमच्या घरात कुणीच कधी सांगितली नाही. आई सांगायची ती आदल्या आठवड्यातल्या येसराच्या मसाल्यापासून सुरू व्हायची. रफिकचाचा सांगायचे ती शिव्यांपासून. बाबा सांगायचेच नाहीत, आणि मी तर घरातली न बोलणारी. मला नववीपासून चष्मा आहे आणि हातात पुस्तक असलं की माणसाला बोलायची सक्ती नसते हे मी लवकर ओळखलं होतं. आज एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी लोकांना गप्प बसायला सांगते आणि त्याचा पगार घेते. बाबा गेले त्याला येत्या महिन्यात वर्ष होईल. तेव्हा आता मीच सांगते, आणि सावकाश सांगते.

आमचं घर बजाजनगरात. ओळीतलं सहावं, पुढं दोन पायऱ्या, समोरची खोली, मधली खोली, मग स्वयंपाकघर. समोरच्या खोलीत सोफा होता. मी बारावी झाले त्या वर्षी सोफा काकांकडं गेला आणि त्याच्या जागी मशीन आलं. आलं म्हणजे विकत नाही. बाबांनी ते तुकड्यातुकड्यांनी जमवलं. भंगारातून लोखंडी चौकोनी पाइप, कुठल्याशा बंद पडलेल्या छापखान्यातले सरकणारे दांडे, तीन मोटरी, माझा कॉलेजसाठी घेतलेला कम्प्युटर आणि इंटरनेटवरचे व्हिडिओ. बाबा ते व्हिडिओ आवाज बंद करून बघायचे, कारण बोलणारा माणूस इंग्रजीत बोलायचा आणि बाबांच्या मते हात बघितले की पुरे. कम्प्युटरवर चित्र काढायचं, ते मशीनला द्यायचं, आणि मग वरचा आडवा पूल सरकत सरकत फिरत्या कटरनं तेच चित्र लाकडात कोरून काढायचा. नावाच्या पाट्या, पिंपळाचं पान, मोराची जाळी, ‘जयभीम’, ‘माशाअल्लाह’, ‘श्री गणेशाय नमः’, आणि एकदा एका दंतवैद्याची दीड फुटांची दाढ. आई म्हणायची, “पाहुणे आले तर दाढेवर बसवू का?”

बाबा वाळूजच्या एका कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन होते. तिथं त्यांना गायकवाड कुणी म्हणत नव्हतं. ‘जम्पर’ म्हणायचे. एखादं मशीन दाराचा स्विच लागत नाही म्हणून, झाकण बसलं नाही म्हणून अडून बसलं, की सुपरवायझर ओरडायचा, “जम्परला बोलवा!” बाबा यायचे, खिशातून बोटभर तार काढायचे, स्विचच्या दोन टोकांना जोडायचे. मशीनला वाटायचं सगळं ठीक आहे. लाइन सुरू. चहा यायचा. बाबांना त्या चहाचा फार अभिमान होता. मग एकदा बाहेरून तपासणीला माणसं येणार म्हणून सुपरवायझरनं सांगितलं की पत्रा दाबणाऱ्या एका प्रेसवरचा जम्पर दिसता कामा नये. बाबांनी तो पेटीत तारांच्या मागं असा दडवला की खुद्द त्यांनाही नंतर आठवला नाही. तपासणीची माणसं खूश होऊन गेली. चौथ्या दिवशी त्या प्रेसवर रफिकचाचांचा डावा हात होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं.

चौकशी झाली. जम्पर सापडलाच नाही, दडवायचं काम इतकं चोख होतं. बाबा स्वतः साहेबाकडं गेले आणि सांगून आले. त्याआधी ते दवाखान्यात रफिकचाचांना सांगायला गेले होते. रफिकचाचांनी चांगल्या हातानं एक मुस्काटात ठेवून दिली आणि म्हणाले, “अब जा, चाय ला. शक्कर कम.” पुढं दोघांनीही कंपनी सोडली. बाबा घरांचं वायरिंग करायला लागले, रफिकचाचा मोहल्ल्यातल्या सुतारकामाला परतले, आणि मशीन आलं तेव्हा लाकूड त्यांचं आणि वीज बाबांची असा धंदा सुरू झाला. चाचांना लाकडाची नस कळायची. मशीनला कळायची नाही, आणि यावरून ते मशीनला रोज टोमणे मारायचे.

सांगायचं म्हणजे, घरचं मशीन बांधताना बाबांनी शपथ घेतली होती. या मशीनला जम्पर नाही. उलट त्यांनी त्याला लाल बटणं लावली, छत्रीसारखी फुगीर, तळहातानं थापटली की आत बसणारी. एक नव्हे, पाच. पहिलं मशीनवर. दुसरं कम्प्युटरपाशी. तिसरं बाहेरच्या दाराशी. चौथं स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, आईसाठी. पाचवं बाथरूमच्या दाराशी. मी विचारलं, बाथरूमपाशी कशाला, तर म्हणाले, “माणूस कुठं बी असू शकतो माय.” शिवाय पूल कडेला गेला की थांबवणारे सहा छोटे स्विच. ही सगळी मंडळी एकाच तारेत, हातात हात धरून उभी. कुणी एकानं हात सोडला की मशीन बंद. तार उंदरानं खाल्ली तरी बंद, जोड सैल झाला तरी बंद. “बिघाड झाला तर थांबायच्या बाजूनं झाला पाहिजे,” हे बाबा मला इतक्यांदा म्हणाले आहेत की माझ्या पदवीच्या परीक्षेत एका निबंधातही ते आलं होतं.

रोज सकाळी चहाच्या आधी हजेरी असायची. बाबा मशीन नुसतंच फिरवत ठेवायचे आणि एकेक बटण दाबत घरभर हिंडायचे. मी मशीनपाशी उभी राहून ओरडायचं, “थांबलं!” पाच बटणं, पाच वेळा. माझ्या दिवसभराच्या बोलण्यातला हा मोठा हिस्सा होता. शेजारच्या काकू नव्यानं राहायला आल्या तेव्हा त्यांना वाटलं आमच्यात काहीतरी धार्मिक चालतं.

आता अडचण अशी की मशीन थांबण्यात पटाईत झालं. कुणी बटण न दाबताच थांबायचं. निम्मी पाटी कोरून थांबलं की लाकूड वाया, कारण पुन्हा सुरू केलं की रेघ केसभर सरकायची आणि ‘देशमुख’ दोनदा कोरल्यासारखे दिसायचे. बाबांनी शोधमोहीम काढली. एक वही केली आणि मशीन कधी थांबलं, त्या वेळी घरातलं कोण काय करत होतं, हे मी लिहायचं. आईची रीतसर जबानी व्हायची.

“बारा वाजून पाच मिनिटांनी कुठं होतीस?”

“कुठं असणार? तुमच्या उरावर.”

“नीट सांग. मिक्सर लावला होता का?”

“लसणाची चटणी केली. ती बी तुमालाच पायजे होती. आता चटणी बी कोर्टात उभी करा.”

वहीची चौदा पानं भरल्यावर आरोपी सापडला. मिक्सर. तो सुरू करताना किंवा बंद करताना तारांत एक झटका उठायचा, आणि कम्प्युटरला तो झटका म्हणजे कुणीतरी बटण दाबलं असं वाटायचं. दर वेळी नाही, चारातून एकदा. तेच वाईट होतं, कारण आई उरलेल्या तीन वेळांचे दाखले द्यायची. तह झाला: मशीन चालू असताना मिक्सर नाही. आई चटणी, वाटण, येसर सगळं दारातून ओरडून परवानगी घेऊन करायची, “लावू का हो? का तुमच्या बाईसाहेबांना चक्कर येईल?” रफिकचाचा म्हणायचे, “गायकवाड, ये मशीन है का नवी नवरी? भांडं वाजलं की रुसती.” भाकरीत लाकडाचा भुसा असायचाच, तो आम्ही कोंडा समजून खायचो.

कोणता स्विच खोटं बोलतो हे शोधायला बाबांना कधीकधी एकेक स्विच वगळून बघावा लागायचा. म्हणजे थोडा वेळ जम्पर लावावाच लागायचा. पण तो जम्पर निराळा होता. हातभर लांब, लाल, आणि टोकाला आईच्या जुन्या पिवळ्या साडीची चिंधी बांधलेली. तो लावला की पेटीचं दार बंदच व्हायचं नाही. चिंधी बाहेर लोंबत राहायची. तो लावला असताना मशीनजवळ कुणी जायचं नाही, बाबा दोन्ही हात मागं बांधून उभे राहायचे. काम झालं की तार काढून खिळ्याला. खिळ्यावर तार दिसली तरच मशीनला हात. मी हे सगळं शेकडो वेळा बघितलं होतं. म्हणून तर मला येत होतं.

त्या दिवशी एका शाळेचा फलक कोरायला होता. शाळेला जागा दिलेल्या सतरा माणसांची नावं, सागवानावर, एकच अखंड फळी. चाचांनी ती फळी महिनाभर शोधून आणली होती आणि सोडून जाताना तिच्यावर हात फिरवून म्हणाले होते, “बेटा, ये बिगडी तो मैं भी बिगडूंगा.” बाबा क्रांती चौकात गेले होते, जाळीचं आवरण असलेली तार आणायला. तिनं झटक्याचा बंदोबस्त होईल असं त्यांनी वाचलं होतं, म्हणजे बघितलं होतं. मला सांगून गेले की ते येईपर्यंत मशीन सुरू करायचं नाही.

मी सुरू केलं. मला वाटलं ते येईपर्यंत निम्मा फलक दाखवावा. तिसऱ्या नावावर मशीन थांबलं. मिक्सर बंद होता, आई बाहेर कपडे वाळत घालत होती, गल्लीच्या टोकाला ग्रिलवाल्यानं वेल्डिंग काढलं होतं. नशिबानं ते अक्षर पुरं झाल्यावर थांबलं होतं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबलं. खिळ्यावरची लाल तार मला दिसत होती. पण ती लावली तर चिंधी लोंबणार, आणि बाबा दारातूनच बघणार. म्हणून मी तारेचा दोन इंचांचा तुकडा घेतला, टोकं सोलली, कम्प्युटरच्या पट्टीवर जिथं ती सगळी साखळी येऊन पोचते तिथं दोन स्क्रूंखाली बसवला, आणि पेटीचं दार लावून घेतलं. फार स्वच्छ काम झालं. मला आजही ते डोळ्यांसमोर येतं आणि लाज वाटते ती आधी त्या स्वच्छपणाची वाटते.

मशीन दोन तास एका सुरात चाललं. बाबा आले तेव्हा अकरावं नाव चालू होतं. ते दारात चपला न काढता उभे राहिले.

“न थांबता?”

मी मान हलवली.

“एकदा बी नाय?”

पुन्हा मान. ते धावत आत गेले. आदल्या रात्री त्यांनी मशीनची अर्थिंग बदलली होती, आणि त्यांची खात्रीच पटली की तोच इलाज लागू पडला. “ऐकलं का गं! मिक्सर लाव! लाव म्हणतो ना, बिनधास्त!” आईनं विचारलं, ‘डोकं ठिकाणावर हाय का?’ आणि लावला. शेंगदाण्याचा कूट होता. मशीन थांबलं नाही. तिनं बंद केला, पुन्हा लावला. थांबलं नाही. बाबा समोरच्या खोलीत येऊन चक्क नाचल्यासारखी दोन पावलं टाकून गेले. मी त्यांना तितकं खूश त्यानंतर बघितलं नाही, आणि आधीही आठवत नाही. सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. मी चष्मा पुसला.

मग पुलाखाली लाकडाची एक ढलपी अडकली. बाबांनी मशीनवरचं बटण थापटलं आणि स्वयंपाकघराकडं मान वळवून आईला ओरडले, “चालू ठिव! चालू ठिव!” त्यांची सवय होती, बटण दाबून तीन आकडे मोजायचे आणि मग हात घालायचा. कंपनीनं त्यांचे कान अर्धे नेले होते. जो आवाज येत होता तो त्यांना मिक्सरचा वाटला. एक, दोन, तीन, त्यांनी मोजलं. मी “बाबा” म्हणाले. पण मिक्सरच्या वर जाईल इतका आवाज निघाला नाही. मग मी धावत जाऊन भिंतीवरचा मेन स्विच पाडला आणि घरातलं सगळं एकदम बंद झालं, मशीन, मिक्सर, पंखा.

दवाखान्यात डॉक्टरांनी कसं झालं विचारलं. बाबा पांढरे पडले होते, पण त्यांनी कुणाला बोलू दिलं नाही. “जम्पर लावला होता,” ते म्हणाले. “मीच लावला. इसरलो.” ते माझ्याकडं बघत नव्हते. रिक्षात बसवायच्या आधी हाताला टॉवेल गुंडाळून त्यांनी पेटीचं दार उघडायला लावलं होतं, तेव्हाच त्यांना दिसलं असणार. रफिकचाचा संध्याकाळी आले आणि कॉटच्या पायथ्याशी उभं राहून बाबांना अशा शिव्या घातल्या की शेजारच्या कॉटवरच्या आजोबांनी कूस बदलून नीट ऐकायला घेतलं. “मेरे दो खा के पेट नै भरा तेरा? फिर जम्पर? शरम है के बेच के खाया?” बाबा गप्प पडून राहिले. ज्या एका माणसासमोर त्यांनी पंधरा वर्षं स्वतःला सुधारून दाखवलं होतं, त्याच्यासमोर. शेवटी चाचा दमले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, “दोनो मिल के सोला.” बाबा म्हणाले, “वीस होते तवा बी काम सोळाचंच व्हायचं.” मग दोघं हसले. मी थर्मास धरून उभी होते.

घरी आल्यावर पाचव्या दिवशी बाबांनी मला मशीनपाशी बोलावलं. मला वाटलं आता विचारणार. त्यांनी खिळ्यावरची लाल तार डाव्या हातानं काढली आणि माझ्या हातात दिली. “पुढच्या टायमाला ही लावायची,” एवढंच म्हणाले. मग लगेच कामाचं बोलायला लागले. चूक दुसरीच होती, ते म्हणाले. बटण कम्प्युटरला सांगतं आणि मग कम्प्युटर थांबवतो, तर ते बटण नव्हे, विनंतीअर्ज आहे. बटणानं सरळ वीज तोडायची, कुणाला विचारायचं नाही. ते सांगत गेले आणि मी हात चालवत गेले. पाचही बटणं एका जाड काँटॅक्टरवर, म्हणजे वीज तोडणाऱ्या मोठ्या स्विचवर घेतली; दाबलं की मोटरींचा पुरवठाच खाड्‌कन तुटतो, कम्प्युटरला मागाहून कळतं. आणि मिक्सरचं कोडंही तेव्हाच सुटलं. आईला तारा दिसायला नको होत्या म्हणून बाबांनी स्विचच्या बारीक तारा आणि मोटरींच्या जाड तारा एकाच केसिंग-पट्टीत कोंबल्या होत्या. जाड तारांची बडबड बारीक तारांत जात होती, मिक्सरचा झटका फक्त वरची भर. दोन पट्ट्या वेगळ्या केल्या, जाळीची तार घातली. पुन्हा कधी मशीन उगाच थांबलं नाही.

पण ते आईला तपासून बघता आलं नाही, कारण तिनं मिक्सर लावायचा सोडला. तो माळ्यावर गेला. तिनं गुलमंडीतून लोखंडी खलबत्ता आणला आणि त्यात कुटायला लागली. मिक्सरमुळं त्यांना मशीनचा आवाज कळला नाही, असं ती म्हणायची, आणि बाबा म्हणायचे तसं काही नाही, आणि ती कुटत राहायची. मशीनपेक्षा मोठा आवाज व्हायचा. आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. मीसुद्धा.

बाबा झोपेत गेले, हृदयानं, आणि त्याचा मशीनशी संबंध नाही. पुढं दीडेक महिन्यानं चाचा वर्कशॉपमध्ये रंधा मारत होते तेव्हा मी त्यांना सांगितलं. इतकी वर्षं मनात इतक्या वेळा जुळवलेली वाक्यं, तीन मिनिटांत संपली. चाचांनी रंधा थांबवला नाही.

“मालूम है.”

“बाबांनी सांगितलं?”

“वो क्या बोलता? मैं गया ना तेरे घर, दवाखान्याच्या आधी, बाजूवाली से चावी लेके, मशीन देखने. पेटी खुली थी. तेरे बाप का जम्पर हातभर लंबा, उप्पर झंडा. आंधळ्याला दिसतो. और ये? उंगली जितना. एकदम सुंदर. किताब वाले का काम.”

“मग त्यांना शिव्या का घातल्या?”

चाचांनी रंधा ठेवला. “वो बोल रहा था ना के मैं ने डाला. गाली नै देता तो तेरी माँ को शक आता.” मग फळी उलटवत, “तेरी माँ को बोली?”

नव्हतं बोलले. गेल्या रविवारी बोलले. ती खाली बसून खलबत्त्यात लसूण कुटत होती. मी तिच्यासमोर बसले आणि त्या दिवशीचं सगळं सांगितलं, दोन इंचांची तार, पेटीचं बंद दार, चष्मा पुसणं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. बत्ता हातात तसाच होता आणि क्षणभर मला वाटलं तो माझ्या डोक्यात बसणार.

“म्हंजी मिक्सरचं काय नव्हतं?”

“थोडं होतं. पण बटण चाललं असतं तर काही झालं नसतं. आणि बटण मी बंद केलं होतं.”

“आन्‌ त्यांना ठाऊक होतं.”

“हो.”

तिनं ओट्यावरच्या लाल बटणाकडं बघितलं. मग पदरानं नाक पुसलं. “बारा वर्षं कुटतेय मी. बारा वर्षं! मनगट गेलं माझं. ते तर गेले न सांगता, तू तरी तोंड उघडायचं होतंस की गं! न बोलणारी म्हणून सगळीकडं कौतुक करत फिरले मी तुझं.” तिनं बत्ता माझ्यापुढं सरकवला. “कूट आता.” मी कुटलं. ती रडत होती आणि मध्येमध्ये लसूण बारीक झाला नाही म्हणून सांगत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं मला माळ्यावर चढवलं. मिक्सरला कोळ्यांनी जाळी केली होती, भांड्याचं रबर गेलं होतं. रबर बदललं आणि तो चालू झाला. मशीन समोरच्या खोलीतच आहे. सुट्टीच्या दिवशी मी पाट्या कोरते, चाचा लाकूड देतात. लाल तार खिळ्यावर आहे, चिंधी दोनदा बदलली. सकाळी मी बटणं दाबत घरभर फिरते आणि आई मशीनपाशी उभी राहून “थांबलं” म्हणते. पाच बटणं आहेत. पाचही चालतात.